चहाची टपरी आणि नगररचनेचा नकाशा

शहराला नवे आयुक्त लाभले, एखाद्या मंत्र्याचा दौरा ठरला किंवा रस्त्याच्या काँक्रीटीकरणाचे काम निघाले, की खानदेशातील आमच्या शहरांत एक ठराविक दृश्य दिसू लागते. सकाळी महापालिकेची ट्रॅक्टर-ट्रॉली येते, मागोमाग पोलिसांचा बंदोबस्त येतो, आणि तासा-दोन तासांत लोटगाड्या, शेगड्या, बाकडी, ताडपत्र्या असा संसार ट्रॉलीत जाऊन पडतो. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात ‘रस्त्याने घेतला मोकळा श्वास’ असा मथळा झळकतो. आठवडा उलटतो न उलटतो तोच त्याच कोपऱ्यावर तीच शेगडी पुन्हा पेटलेली असते. महापालिका हरलेली नसते आणि टपरीवाला जिंकलेला नसतो. केवळ पुढच्या मोहिमेपर्यंतचा तह झालेला असतो.

हा खेळ इतका अंगवळणी पडला आहे, की त्यात काही चुकते आहे असे आपल्याला वाटेनासे झाले आहे. ‘अतिक्रमण’ हा एक शब्द उच्चारला की प्रश्न संपतो, अशी सुशिक्षितांची समजूत आहे. वस्तुतः प्रश्न तेथून सुरू होतो. ज्या चहावाल्याला आपण अतिक्रमक म्हणतो, त्याने अधिकृत व्हायचे ठरविले तर नगररचनेच्या नकाशावर त्याच्यासाठी जागा आहे काय? जळगाव आणि धुळे या दोन शहरांपुरता या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

बाजार आधी, नियम मागाहून

आपल्या शहरांचा इतिहास आपण विसरलो आहोत. इंग्रजी अंमल सुरू झाल्यावर १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हे खानदेशचे मुख्य ठाणे म्हणून निवडले. आग्र्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील गाव म्हणून ते त्याला सोयीचे वाटले. परंतु पेठ केवळ हुकूम सोडून वसत नाही, हे त्या लष्करी अधिकाऱ्याला कळत होते. म्हणून जुन्या रहिवाशांना आणि बाहेरून येणाऱ्यांनाही बिनभाड्याच्या जागा देण्यात आल्या. पक्की घरे बांधण्यासाठी उचल देण्यात आली. आजचे धुळे शहर अशा रीतीने व्यापाऱ्याला जागा देऊन उभे राहिले. ज्या आग्रा रस्त्यावरून आज लोटगाड्या हलविण्याचा वाद वारंवार पेटतो, त्या रस्त्याने गाव वाढविले ते तेथे लोक थांबत आणि थांबलेल्यांना काही विकले जात असे म्हणूनच.

जळगावची कथा याहून फार निराळी नाही. रेल्वे आली, १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि जळगाव कापसाची मोठी पेठ झाले. १८६४ मध्ये नगरपालिका स्थापन झाली; म्हणजे बाजार आधी भरला आणि त्याचे नियमन करणारी संस्था मागाहून आली. २००३ मध्ये जळगाव व धुळे या दोन्ही नगरपालिकांच्या महानगरपालिका झाल्या. हद्द वाढली, अधिकार वाढले, कायद्यांची पुस्तके जाड झाली. परंतु बाजार आधी आणि नियम मागाहून हा क्रम काही बदलला नाही.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. जळगावची खानदेश मिल बंद पडली, धुळ्याची न्यू प्रताप मिल बंद पडली. भोंग्यावर चालणारी, हजेरीपुस्तकात नाव असणारी नोकरी या शहरांतून क्रमाक्रमाने ओसरत गेली. जळगावात मिलच्या जागेवर आज ‘खानदेश सेंट्रल’ हे व्यापारी संकुल उभे आहे. मिलमध्ये ज्यांच्या आजोबांना पाळी मिळे, त्यांच्या नातवांना त्या संकुलात गाळा मिळेल इतकी त्यांची ऐपत नाही. मग ते त्याच परिसरात लोटगाडी लावतात. कीथ हार्ट या अभ्यासकाने घानाच्या अक्रा शहरातील अशा उद्योगांच्या अभ्यासातून १९७० च्या दशकाच्या आरंभी ‘अनौपचारिक’ उत्पन्न हा शब्द अर्थशास्त्रात रूढ केला. अनौपचारिक म्हणजे बेशिस्त नव्हे; सरकारच्या वहीत ज्याची नोंद नाही असे कष्टाचे काम, एवढाच त्याचा अर्थ.

जागा हेच भांडवल

टपरीचे अर्थशास्त्र आपण एका कल्पित उदाहरणाने तपासू. समजा, न्यायालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या फाटकाजवळ एक चहावाला दिवसाला २०० कप चहा विकतो. कपाला १० रुपये धरले तर विक्री २,००० रुपयांची झाली. दूध, साखर, चहापत्ती, गॅस व कागदी कप यांचा खर्च कपामागे ६ रुपये, म्हणजे १,२०० रुपये. कप विसळणाऱ्या व चहा पोचविणाऱ्या गड्याची रोजची मजुरी ३०० रुपये. मालकाच्या हाती उरले ५०० रुपये. महिन्यातले २५ दिवस धंदा चालला तर साडेबारा हजारांत त्याचे घर चालते.

आता त्याचे ‘पुनर्वसन’ झाले असे समजा. शहराच्या कडेला मोकळ्या मैदानावर त्याला आखलेला चौकोन मिळाला आणि विक्री निम्म्यावर आली. मालाचा खर्चही निम्मा, म्हणजे ६०० रुपये झाला; परंतु गड्याची मजुरी ३०० रुपयेच राहिली. १,००० रुपयांच्या विक्रीतून मालकाला उरतात १०० रुपये. विक्री निम्मी झाली, पण उत्पन्न एक पंचमांशावर आले. गड्याला काढून टाकले तर ४०० रुपये उरतील हे खरे. मात्र तेव्हा दुसऱ्या एका घराची चूल विझलेली असेल.

हे गणित कारखान्याला किंवा सराफी पेढीला इतक्या कठोरपणे लागू पडत नाही. सोने घ्यायला जळगावात लोक दूरच्या जिल्ह्यांतूनही येतात. दुकान चार गल्ल्या पलीकडे गेले तरी गिऱ्हाईक त्याला शोधीत जाते. अर्धा कप चहासाठी मात्र कोणी एक किलोमीटर चालत जात नाही. साहेबांच्या सहीसाठी ताटकळलेला खेडूत, दोन तासिकांमधला विद्यार्थी, रुग्णालयात आईच्या उशाशी रात्र काढलेला मुलगा, दुपारी तीनला डोळे जड झालेला कारकून यांची पाच मिनिटे हीच चहाची बाजारपेठ. त्यामुळे टपरीवाल्याचे खरे भांडवल त्याची शेगडी नसून तो कोपरा आहे. शेगडी जप्त केली तर दंड भरून ती सोडविता येते. कोपरा काढून घेतला तर वीस वर्षांची जमविलेली पत एका सकाळी नाहीशी होते, आणि तिची भरपाई कुठल्याही पंचनाम्यात लिहिली जात नाही.

येथे दुसरीही एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. जो हक्क कागदावर नसतो पण व्यवहारात चालू असतो, त्याची किंमत कोणी ना कोणी वसूल करतोच. चार दिवस गाडी जप्त झाली तर वरच्या उदाहरणातील चहावाल्याचे २,००० रुपये बुडतात. त्यात १,००० रुपये दंड धरला तर महिन्याच्या कमाईचा जवळजवळ चौथा भाग गेला. हे टाळण्यासाठी तो काय देण्यास तयार होईल, याचा हिशेब अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही मांडू शकेल. हप्ता ही केवळ नीतिमत्तेची उणीव नाही. ती अनिश्चित हक्काची बाजारभावाने ठरलेली किंमत आहे. पेरू देशातील अर्थतज्ज्ञ हर्नांदो द सोतो यांनी १९८३ मध्ये लिमा शहरात शिवणकामाचा एक लहानसा कारखाना सर्व नियम पाळून नोंदविण्याचा प्रयोग केला. त्याला २८९ दिवस लागले. कायदेशीर होणे इतके महाग असेल तर बेकायदा राहणे हाच गरिबाला परवडणारा परवाना ठरतो.

दाराआड धंदा केला तर?

‘मग रस्त्यावर कशाला? रीतसर दुकान घ्यावे,’ असे कोणी म्हणेल. तसा प्रयत्न करणारेही आहेत. एके काळी आमच्याकडे कॉफी म्हणजे पाहुण्यांसाठी जायफळ घालून केलेले पेय. बाजारात तिला स्थान नव्हते. आता पदवीधर तरुण कॉफीचे छोटे दुकान काढण्याची स्वप्ने पाहतात. वडिलांच्या घराची समोरची खोली आहे, यंत्रासाठी कर्ज मिळते, गिऱ्हाईक म्हणून कॉलनीजवळचे विद्यार्थी आहेत. अडचण उभी राहते ती वेगळीच.

विकास आराखड्यात ती कॉलनी निवासी विभागात असते. राज्यातील बहुतेक शहरांना २०२० च्या अखेरीपासून जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, तिच्यात निवासी विभागात कोणता व्यवसाय चालेल हे बऱ्याच अंशी समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरून ठरते. रुंद रस्त्यावरील भूखंडाला जे चालते ते अरुंद रस्त्यावर चालत नाही. या तत्त्वामागे वाहतुकीचा व शेजाऱ्यांच्या स्वास्थ्याचा विचार आहे आणि तो रास्त आहे. परंतु त्याचा परिणाम असा, की रुंद रस्त्यावरील जागेचे भाडे व अनामत रक्कम परवडत नाही आणि अरुंद रस्त्यावरील स्वतःची खोली चालत नाही. वापरातील बदलाची परवानगी, वाहनतळाची अट, अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी यांतील एकेक अट तपासली तर ती समंजसच ठरते. पण सर्वांची बेरीज त्या तरुणाला अखेर हातगाडीवर आणून सोडते. म्हणजे रस्त्यावरील गर्दी वाढविण्यास काही अंशी रस्ता मोकळा ठेवण्यासाठी केलेले नियमच हातभार लावतात!

गाळेधारकांची अवस्था फार स्पृहणीय आहे असेही नाही. जळगावात महापालिकेच्या व्यापारी संकुलांतील गाळ्यांचे करार २०१२ मध्ये संपले आणि भाडे, थकबाकी व नूतनीकरण यांचा वाद पुढे वर्षानुवर्षे चालत राहिला. जो नियमाने आत बसला तोही अधांतरी आणि जो नियमाबाहेर उभा राहिला तोही अधांतरी, असे हे चित्र आहे. दोघांचा रोग एकच : निर्णय वेळेवर न घेणारी नगरव्यवस्था.

कायदा काय म्हणतो?

फेरीवाल्याला कायद्याचे पाठबळ नाही ही समजूत आता इतिहासजमा व्हावयास हवी. १९८५ मध्ये मुंबईच्या फेरीवाल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी क्षेत्रे ठरविण्याचा मार्ग दाखविला. १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात पदपथावर व्यवसाय करणे हा वाजवी निर्बंधांच्या अधीन असलेला घटनात्मक हक्क आहे, असे त्याच न्यायालयाने मान्य केले. पुढे पाव शतकाने, २०१४ मध्ये, संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण आणि पथविक्रीचे विनियमन करणारा कायदा केला.

या कायद्याचा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. आधी सर्व विक्रेत्यांचे सर्वेक्षण, मग विक्री प्रमाणपत्र, मग विक्रीक्षेत्रांचा आराखडा. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवू नये, असे त्यात स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. हे सारे करण्यासाठी नगर पथविक्रेता समिती हवी. आयुक्त तिचे अध्यक्ष, आणि किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतःमधून निवडून दिलेले. त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. हलवावयाचे झाल्यास ३० दिवसांची सूचना द्यावी. नाशवंत माल जप्त केला तर तो मागणीनंतर त्याच दिवशी परत करावा. स्थलांतरानंतर विक्रेत्याचे उत्पन्न निदान पूर्वीइतके तरी राहील असे पाहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे : पन्नास वर्षांहून अधिक काळ चालत आलेले नैसर्गिक बाजार वारसा-बाजार म्हणून घोषित करावेत व तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे या कायद्याच्या परिशिष्टात नमूद आहे. धुळ्याचा आग्रा रस्ता व पाचकंदील परिसर, जळगावचा सुभाष चौक व बळीराम पेठेचा परिसर यांना ही कसोटी लावून पाहिली तर काय निष्पन्न होईल?

याच्या शेजारी १९४९ चा महापालिका अधिनियम ठेवून पाहावा. सार्वजनिक जागी विक्रीस मांडलेली वस्तू कोणतीही सूचना न देता हटविण्याचा अधिकार तो आयुक्तांना देतो. नवा कायदा विसंगतीच्या प्रसंगी वरचढ ठरेल असे त्याच्यातच म्हटले आहे. तरीही व्यवहारात जुन्या कायद्याची ट्रॉली नव्या कायद्याच्या समितीपेक्षा लवकर येऊन पोचते.

संख्येचाही विचार करू. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावे, असे प्रमाण कायद्याने घालून दिले आहे. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या ४,६०,२२८ आणि धुळ्याची ३,७५,५५९ होती. त्या हिशेबाने जळगावात सुमारे साडेअकरा हजार आणि धुळ्यात सुमारे नऊ हजार चारशे विक्रेत्यांची सोय करावी लागेल. हा आकडा ऐकून दचकण्याचे कारण नाही. तो कमाल मर्यादेचा आहे. परंतु त्याच्या शतांश जागेची तरी आखणी आपल्या नव्या वसाहतींच्या नकाशांत कोणी पाहिली आहे काय? मुंबईचा अनुभव बोलका आहे. तेथे २०१४ च्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार अर्ज आले. दहा वर्षांनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, समितीच्या निवडणुकीसाठी मतदार म्हणून पात्र ठरले ते सुमारे ३२ हजार. उरलेले शहर सोडून गेले असे कोणी समजू नये.

सरकारच्या दोन हातांतील विसंगती तर विनोदी वाटावी अशी आहे. जून २०२० मध्ये टाळेबंदीने पोळलेल्या विक्रेत्यांसाठी केंद्राने ‘स्वनिधी’ योजना सुरू केली. १०,००० रुपयांपासून कर्ज देऊ केले आणि त्यासाठी लागणारे ओळखीचे वा शिफारशीचे पत्र महापालिकेनेच द्यावयाचे ठरले. म्हणजे महापालिकेचा एक विभाग शिफारस देऊन गाडी घ्यावयास लावतो, दुसरा बाजार वसुलीची पावती फाडतो आणि तिसरा ती गाडी उचलून नेतो. बँकेचा हप्ता मात्र कोणीच उचलून नेत नाही.

दुसरी बाजू

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजू न मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. रस्ता चालणाऱ्याचाही आहे. शाळेच्या मुलांना पदपथ सोडून वाहनांमधून वाट काढावी लागते, रुग्णवाहिका अडकते, खरकटे पाणी गटारीत आणि कागदी कप सर्वत्र पसरतात, हे आपण रोज पाहतो. भाडे व कर भरणाऱ्या दुकानदाराच्या दारासमोर बिनभाड्याचा स्पर्धक उभा राहिला तर त्याने चिडावे यात नवल नाही. शिवाय सर्वच लोटगाड्या गरिबांच्या नसतात. एकाच मालकाच्या चार-चार गाड्या आणि रोजाने दिलेल्या जागा हाही एक धंदा होऊन बसला आहे. परंतु कायद्याने यावरही उपाय सांगितला आहे : ज्याला उपजीविकेचे दुसरे साधन नाही आणि जो स्वतः किंवा कुटुंबीयांमार्फत विक्री करतो त्यालाच प्रमाणपत्र, ते भाड्याने देता येत नाही. खरा चहावाला आणि जागेचा दलाल यांना वेगळे करण्याचे साधन सर्वेक्षण हेच आहे. सरसकट मोहिमेत पहिला भरडला जातो आणि दुसरा दुसऱ्या दिवशी नव्या गाड्या घेऊन परत येतो.

शिस्त आणि उपजीविका यांची सांगड घालता येते, हे सिंगापूरने दाखविले आहे. तेथे १९६८-६९ मध्ये रस्त्यावरील सुमारे १८,००० विक्रेत्यांची नोंदणी झाली आणि १९७१ ते १९८६ या काळात पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असलेली विक्रीकेंद्रे वस्त्यांमध्ये व बाजारांजवळ बांधून त्यांना तेथे नेण्यात आले. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने त्या विक्रेत्यांच्या परंपरेला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. सिंगापूरची संपत्ती व तेथील शासनाची पद्धत आपली नव्हे, हे मान्य. तथापि, आधी मोजणी, मग बांधणी आणि शेवटी हलवाहलव या क्रमाला संपत्ती लागत नाही. त्याला सवड काढून विचार करण्याची तयारी लागते.

काय करता येईल?

२०२३ मध्ये दोन्ही महापालिकांच्या सभागृहांची मुदत संपली आणि त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. त्या काळात टपरीवाल्याला गाऱ्हाणे सांगायला प्रभागाचा नगरसेवकही नव्हता. लोकनियुक्त सभागृहाकडून म्हणूनच काही गोष्टींची अपेक्षा करणे वाजवी ठरेल.

सर्वेक्षणाची यादी, प्रमाणपत्रधारकांची संख्या आणि समितीच्या बैठकांचे इतिवृत्त प्रभागवार जाहीर व्हावे. ज्या शहराला आपल्या विक्रेत्यांची यादी दाखविता येत नाही, त्याने मोहीम काढू नये. जुन्या पेठांत वेळेची वाटणी करून पाहावी : शाळा-कचेऱ्यांच्या गर्दीच्या तासांत रस्ता वाहनांना व पादचाऱ्यांना, सायंकाळी ठराविक रेषेच्या आत विक्रेत्यांना. कायद्याला हा मार्ग मान्य आहे. प्रत्येक नव्या वसाहतीचा, रुग्णालयाचा, महाविद्यालयाचा व बसस्थानकाचा नकाशा मंजूर करताना पाण्याचा नळ व कचराकुंडी यांसह चार-सहा ओट्यांची जागा दाखविणे सक्तीचे करावे. निवासी भागातील घराच्या एका खोलीत चालणाऱ्या चहा-कॉफीसारख्या लहान व्यवसायाला शेजाऱ्यांच्या संमतीने व वेळेच्या बंधनाने परवानगी देण्याची सुलभ तरतूद राज्य शासनाने नियमावलीत करावी. आणि कोणतेही स्थलांतर यशस्वी झाले की नाही हे रस्ता किती रुंद झाला यावरून न ठरविता, तीन महिन्यांनंतर विक्रेत्याच्या हाती किती उरते यावरून ठरवावे.

यांतील कोणत्याही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. मात्र त्यासाठी आपणा सुशिक्षित मध्यमवर्गीयांनाही आपली भूमिका तपासावी लागेल. तासिका संपल्यावर ज्या टपरीवर आपण महागाई भत्त्याची चर्चा करतो, तीच टपरी उचलली गेल्याची बातमी दुसऱ्या दिवशी समाधानाने वाचतो. स्वस्त चहा आपल्याला फाटकापाशी हवा असतो. तो विकणारा मात्र शहराबाहेरच्या मैदानात असावा असे वाटते. दहा रुपयांच्या त्या कपात, हक्काची जागा नसलेल्या माणसाने सोसलेली जोखीम न मोजता मिसळलेली आहे. ती जोखीम त्याच्या एकट्याच्या माथ्यावर किती काळ ठेवायची, हे ठरविण्याची वेळ जळगाव-धुळ्याच्या नागरिकांवर आली आहे. ट्रॉली पुन्हा निघण्यापूर्वी निदान एवढा प्रश्न तरी आपल्या प्रभागाच्या प्रतिनिधीला विचारावा : यादी कुठे आहे?